उडालेला विश्वास परत कसा आणावा: संकटानंतर विमान कंपनीने करायची कामे, गोव्यातून पाहता

संकट ओसरले की विमान कंपनीच्या बैठकीत पहिली सूचना बहुधा सवलतीची येते. तिकिटे स्वस्त करा, जाहिरात द्या, लोक येतील. लोक येतातही, पण ते नवे असतात, किंवा ज्यांना त्या दिवसांची झळ लागली नव्हती ते. ज्याची मुलाखत हुकली, ज्याचे जहाज त्याला न घेता सुटले, ज्याचे पैसे कित्येक आठवडे अडकून पडले, तो दोन हजारांच्या सवलतीने परत येत नाही. त्याला परत आणण्याचा एक क्रम आहे. आधी त्याचे पैसे, मग सामान, मग काय घडले याची खरी माहिती, त्यानंतर एक अख्खा हंगाम वेळेवर सुटणारी विमाने आणि सर्वांत शेवटी भाडे. हा क्रम उलटा केला तर सवलतीचा खर्च होतो आणि दुखावलेला प्रवासी जागचा हलत नाही.

गोव्यात हे सगळे लवकर आणि स्पष्ट दिसते. राज्य लहान, विमानतळ दोन: नौदलाच्या आयएनएस हंसा तळावरचा दाबोळी आणि ५ जानेवारी २०२३ पासून प्रवासी वाहतूक सुरू झालेला पेडण्यातला मोपा, म्हणजे मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळ. डिसेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात वैमानिकांच्या विश्रांतीच्या नव्या नियमांशी मेळ न बसल्याने इंडिगोची देशभरातली उड्डाणे कोलमडली. ५ डिसेंबरला एकाच दिवशी एक हजाराहून अधिक रद्द झाली. गोव्यात हा ऐन हंगामाचा आठवडा असतो आणि ३ डिसेंबरला जुन्या गोव्याचे फेस्त, म्हणजे सेंट फ्रान्सिस झेवियरचा उत्सव, असतो. काउंटरच्या दोन्ही बाजूंना उभी असलेली माणसे इथे पुन्हा बाजारात, देवळात, चर्चमध्ये एकमेकांना भेटतात. त्या दिवशी कोण कसे वागले, हे इथे वर्षानुवर्षे लक्षात राहते.

हा लेख विमान कंपनीत, विमानतळावर आणि ट्रॅव्हल एजन्सीत काम करणाऱ्यांसाठी आहे. आपण काय मागू शकतो, हे प्रवाशालाही यातून कळेल.

संकट कोणत्या प्रकारचे, ते आधी ठरवा

प्रत्येक संकटात प्रवाशाच्या मनात एकच प्रश्न वरचढ असतो. अपघातानंतर तो विचारतो, जीव सुरक्षित आहे का? वेळापत्रक कोसळल्यावर विचारतो, मी पोहोचेन का? कंपनी आर्थिक अडचणीत असल्याची बातमी आली की, माझे पैसे बुडतील का? आणि कर्मचाऱ्याने प्रवाशाला ओढून काढल्याचा व्हिडिओ फिरला की, मला माणसासारखे वागवतील का? एका प्रश्नावरचे उत्तर दुसऱ्याला लागू पडत नाही. पैशाच्या भीतीवर सुरक्षिततेची जाहिरात वाया जाते आणि जिवाच्या भीतीवर स्वस्त तिकीट तर अपमानासारखे वाटते.

पैशाची भीती भारतीय प्रवाशाने अनुभवाने शिकलेली आहे. किंगफिशर २०१२ मध्ये बंद पडली, जेट एअरवेज १७ एप्रिल २०१९ ला, गो फर्स्टची उड्डाणे ३ मे २०२३ ला थांबली. गो फर्स्टचे प्रवासी तर दिवाळखोरी प्रक्रियेत दावेदार होऊन बसले. त्यामुळे कंपनी डळमळीत असल्याचा वास आला की लोक तिचे तिकीट प्रवासाच्या फक्त दोन-तीन दिवस आधी काढतात, चार महिने आधी नाही. अशा वेळी 'पुढच्या मे महिन्याची तिकिटे आजच स्वस्तात' ही योजना काढणे म्हणजे प्रवाशाला त्याच्या नेमक्या भीतीवर बोट ठेवून पैसे मागणे. त्याऐवजी थोडी रक्कम घेऊन भाडे राखून ठेवण्याची सोय द्यावी, बाकीचे पैसे प्रवासाच्या जवळ घ्यावेत आणि रद्द तिकिटांचे पैसे किती दिवसांत दिले, हे दर आठवड्याला जाहीर करावे.

पहिले तीन दिवस: उड्डाणे स्वतःहून कमी करा

गोव्याला दुपारी उतरणारे विमान सकाळपासून दोन-तीन शहरे करून आलेले असते. पहिल्या फेरीला दीड तास उशीर झाला तर चौथ्या फेरीपर्यंत क्रूचे, म्हणजे वैमानिक आणि विमानातल्या कर्मचाऱ्यांचे, कामाचे तास संपतात आणि विमान असूनही उडवायला माणसे नसतात. अशा वेळी 'अजून चाळीस मिनिटे' असे सहा वेळा सांगून शेवटी रात्री उड्डाण रद्द करणे ही सर्वांत महागडी चूक आहे. प्रवासी तोवर घर सोडून आलेला असतो, हॉटेलची खोली सोडलेली असते, टॅक्सीचे पैसे गेलेले असतात.

डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेच्या साउथवेस्टची दहा-अकरा दिवसांत सुमारे १६,७०० उड्डाणे रद्द झाली. निमित्त वादळाचे होते. पण इतर कंपन्या सावरल्यावरही ती सावरली नाही, कारण कोणता क्रू कुठे आहे याचा हिशेब तिच्या जुन्या संगणक प्रणालीला पेलला नाही. शेवटी तिने काही दिवस नेहमीच्या फक्त एक तृतीयांश उड्डाणांवर येऊन गाडी रुळावर आणली. तो निर्णय पहिल्या दोन दिवसांत घेण्याचा होता.

करायचे असे. हातात नक्की असलेली विमाने आणि क्रू मोजा, त्यातले दहातले एक विमान राखीव ठेवा आणि उरलेल्यात बसतील तेवढीच उड्डाणे पुढच्या चार-पाच दिवसांसाठी ठेवा. रद्द करताना जिथे दिवसाला अनेक फेऱ्या आहेत तिथल्या आधी काढा. दिवसाची शेवटची फेरी, दुसरी कोणतीच कंपनी जात नाही अशी फेरी आणि पुढे परदेशी विमान पकडणाऱ्यांची फेरी शेवटपर्यंत राखा. रद्द केलेल्या उड्डाणाची विक्री त्याच मिनिटाला बंद झाली पाहिजे. ऑस्ट्रेलियाच्या क्वांटासने आधीच रद्द करायचे ठरवलेल्या हजारो उड्डाणांची तिकिटे विकली. २०२४ मध्ये तिने १० कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड आणि प्रवाशांना सुमारे २ कोटी देणे मान्य केले. उड्डाणे रद्द होणे लोक समजून घेतात, रद्द झालेले विकणे नाही.

मग अडकलेल्यांचा हिशेब मांडा. एका मार्गावरची चार उड्डाणे गेली, विमान १८६ आसनांचे आणि ९० टक्के भरलेले, तर सुमारे ६७० माणसे अडकली. त्याच मार्गावर दिवसाला आपल्या दहा फेऱ्या उरल्या आणि त्याही ९० टक्के भरलेल्या असल्या तर दिवसाला १८५-१९० जागा रिकाम्या. म्हणजे शेवटच्या माणसाला साडेतीन दिवस थांबावे लागेल. 'पुढच्या उपलब्ध विमानात जागा देऊ' या वाक्यात हे साडेतीन दिवस लपलेले असतात. म्हणून दुसऱ्या कंपनीच्या जागा विकत घ्याव्या लागतात, कारण कमी भाड्याच्या कंपन्यांमध्ये एकमेकांचे प्रवासी घेण्याचे करार सहसा नसतात. मुंबई, पुणे आणि बंगळुरूसाठी म्हापसा, पणजी, मडगावहून सुटणाऱ्या स्लीपर बसमध्ये ३०-४० जागा एकदम राखता येतात. मुंबईसाठी कोकणकन्या, मांडवी, जनशताब्दी, वंदे भारत आहेतच. जागा मिळणे नशिबाचे असले तरी मोपाहून पेडणे आणि थिवी, दाबोळीहून मडगाव ही स्थानके जवळची. स्वतःच्या सोयीने गेलेल्याला तिकिटाचे पैसे बिल दाखवल्यावर देऊ, हे त्याच दिवशी लेखी सांगा.

दोन विमानतळांचा घोळ ही खास गोव्याची अडचण. आयत्या वेळी दाबोळीचा प्रवासी मोपाच्या उड्डाणावर टाकला जातो आणि संदेशात फक्त 'गोवा' लिहिलेले असते. दोन्हींमध्ये रस्त्याने साठेक किलोमीटरचे अंतर आहे आणि हंगामात दीड ते दोन तास लागतात. संदेशाच्या पहिल्याच ओळीत विमानतळाचे नाव हवे आणि बदल कंपनीने केला असेल तर टॅक्सीही कंपनीची. दाबोळीवर नौदलाच्या सरावामुळे कामाच्या दिवशी सकाळचे काही तास नागरी उड्डाणांना मिळत नाहीत, हे लक्षात घेऊनच जादा फेरीची वेळ जाहीर करा.

काउंटरवर काय हवे

काउंटरवरची मुले-मुली बहुधा कंत्राटी सेवा कंपनीची असतात. त्यांच्या हातात अधिकार नसतो, तरी शिव्या त्यांनाच बसतात. त्यांना वर न विचारता प्रत्येक प्रवाशामागे ठरावीक रक्कम, समजा ५,००० रुपये, खर्च करण्याची लेखी मुभा द्या: जेवण, टॅक्सी, औषध, बसचे तिकीट. हा एक निर्णय रांगेची लांबी कमी करतो, कारण बहुतेक रांग 'विचारून सांगतो' या उत्तरामुळेच तुंबते. चार तासांनी माणसे बदला. प्रत्येक पाळीत कोंकणी आणि मराठी बोलणारे किमान दोघे ठेवा. काणकोणहून आलेल्या म्हाताऱ्या बाईला हिंदीत घोषणा करून उपयोग नसतो.

माहितीचा एक साधा नियम आहे: सांगण्यासारखे काही नसले तरी दर अर्ध्या तासाला बोला आणि पुढची बातमी किती वाजता देणार ते सांगा. संदेशात पाच गोष्टी असाव्यात: काय झाले, निर्णय केव्हा कळेल, प्रवाशापुढे पर्याय कोणते, पैशाचे काय, आणि माणूस फोन उचलेल असा क्रमांक. तोच मजकूर चित्राच्या रूपात दर दोन तासांनी काढा. गावोगावच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत काहीतरी फिरणारच आहे, ते खरे फिरू द्या. स्थानिक मराठी आणि कोंकणी दैनिकांना संध्याकाळी सहाच्या आत निवेदन द्या, म्हणजे दुसऱ्या दिवशी छापील पानावर कंपनीची बाजूही येते.

नियम काय सांगतात ते काउंटरवर छापून लावा. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, म्हणजे डीजीसीएच्या, नियमांनुसार वेळेत न कळवता उड्डाण रद्द केले आणि कारण कंपनीच्या आटोक्यातले असले तर तिकिटाचे पैसे किंवा पर्यायी विमान यांच्याशिवाय भरपाई द्यावी लागते. एक तासापर्यंतच्या उड्डाणाला ५,००० रुपये, एक ते दोन तासांच्या उड्डाणाला ७,५००, त्याहून लांबच्याला १०,०००. तिन्ही बाबतींत ही रक्कम किंवा मूळ एकेरी भाडे अधिक इंधन अधिभार, यांतले जे कमी असेल ते. सहा तासांहून अधिक उशीर असेल तर पर्यायी विमान किंवा पूर्ण पैसे. चोवीस तासांहून अधिक उशीर, किंवा रात्री ८ ते पहाटे ३ या वेळेतल्या उड्डाणाला सहा तासांहून अधिक उशीर असेल तर हॉटेल. ही किमान पातळी झाली. इथे थांबणारी कंपनी कायद्यातून सुटते, प्रवाशाच्या मनातून नाही.

हॉटेलबाबत एक गोष्ट. डिसेंबरच्या शेवटी गोव्यात ऐन वेळी खोल्या मिळत नाहीत, म्हणून सप्टेंबरमध्येच दाबोळीसाठी वास्को-चिखली भागात आणि मोपासाठी पेडणे-म्हापसा पट्ट्यात ४०-५० खोल्यांचा करार करून ठेवावा. पण स्थानिक प्रवाशाला हॉटेल नकोच असते. त्याला सांगे-वाळपईच्या घरी सोडणारी आणि पहाटे परत आणणारी गाडी हवी असते. ती स्वस्तही पडते. त्याला विचारा.

पैसे: इथेच प्रवासी कायमचा जातो

उड्डाण रद्द झाल्याचा राग आठवडाभरात ओसरतो. अडकलेल्या पैशांचा राग रोज नव्याने चढतो, कारण प्रत्येक फोनला तो माणूस आपली कथा पहिल्यापासून सांगतो. म्हणून रिफंड हा लेखा विभागाचा विषय न मानता प्रवासी परत आणण्याचे पहिले काम माना.

क्रेडिट कार्डाने काढलेल्या तिकिटाला डीजीसीएची मर्यादा सात दिवसांची आहे. संकटात ध्येय ७२ तासांचे ठेवा: प्रवाशाने न मागता रक्कम बँकेकडे निघालेली असावी आणि व्यवहाराचा संदर्भ क्रमांक त्याच्या फोनवर गेलेला असावा. हा क्रमांक असला की तो बँकेला विचारतो, कंपनीला नाही. निम्मे फोन तिथेच थांबतात.

अडकतात ती तिकिटे ठरावीक प्रकारांची असतात. जाण्या-येण्याचे एकच पीएनआर, म्हणजे आरक्षण क्रमांक, आणि त्यातला एकच भाग रद्द. बंद झालेल्या कार्डावरून भरलेले पैसे. तिकीट आईच्या नावे, पैसे मुलाच्या खात्यातून. लग्नाच्या चाळीस जणांचे सामूहिक आरक्षण, ज्यात बाराच जण अडकले. आसन, जेवण, जादा सामान यांचे वेगळे घेतलेले पैसे, जे मूळ रकमेबरोबर परत जात नाहीत आणि मग सहाशे रुपयांसाठी माणूस कायमचा दुरावतो. या प्रत्येक प्रकाराला स्वतंत्र माणूस नेमा. यंत्राने सुटणारी तिकिटे यंत्राला सोडा.

एजंटकडून काढलेल्या तिकिटाचे पैसे कंपनी एजंटच्या खात्यात टाकते आणि आपले काम झाले असे समजते. नियमाने एजंट हा कंपनीचाच प्रतिनिधी आहे, रिफंडची जबाबदारी कंपनीची राहते. म्हणून एजंटला रक्कम पाठवली त्याच क्षणी प्रवाशालाही संदेश जावा: अमुक रक्कम, अमुक तारखेला, अमुक एजन्सीकडे. मडगाव-म्हापशातल्या लहान एजंटांचे खेळते भांडवल किती असते ते पाहा. चाळीस तिकिटांचे पैसे कंपनीकडे अडकले तर तो गिऱ्हाइकाला स्वतःच्या खिशातून देऊ शकत नाही आणि गिऱ्हाईक मात्र त्याच्या दुकानात येऊन बसते. त्या महिन्यात त्याने ठरवलेले असते की ही कंपनी पुन्हा सुचवायची नाही.

रिफंडऐवजी कंपनीकडे जमा रक्कम, म्हणजे क्रेडिट शेल, हा प्रवाशाने निवडायचा पर्याय आहे, आपोआप द्यायचा नाही. नियमही तेच सांगतो. अधिकच्या भरपाईचे कूपन द्यायचे तर त्याच्या अटी नीट लिहा: मुदत किमान बारा महिने, डिसेंबर आणि चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या, दिवसांतही चालणारे, दुसऱ्याच्या नावे देता येणारे, तुकड्यांत वापरता येणारे. इंडिगोने डिसेंबर २०२५ मध्ये जास्त झळ बसलेल्यांना १०,००० रुपयांची कूपने जाहीर केली. साउथवेस्टने पुढच्या तिकिटासाठी वापरता येणारे २५,००० गुण दिले होते. रक्कम मोठी असून भागत नाही. अटींमुळे वापरताच न आलेले कूपन प्रवाशाला दुसऱ्यांदा फसवल्यासारखे वाटते.

रोज सकाळी एकच आकडा पाहा: सर्वांत जुना प्रलंबित रिफंड किती दिवसांचा आहे. सरासरी पाहू नका. सरासरीत नव्वद टक्के खूश लोक असतात आणि तक्रार घेऊन ग्राहक आयोगात जाणारा उरलेल्या दहांत.

सामानाचे काम लहान पण तातडीचे. डिसेंबर २०२५ मध्ये मंत्रालयाने ४८ तासांत सामान घरपोच देण्याचा आदेश दिला होता. तेच माप कायम ठेवा. गोव्यात वाडा, घर क्रमांक आणि जवळची खूण लिहून घेतल्याशिवाय बॅग पोहोचत नाही. संगणकातल्या पत्त्याच्या चौकटीत फक्त गावाचे नाव असते, म्हणून फोन करून विचारा.

माफी

माफी चोवीस तासांच्या आत, सर्वोच्च अधिकाऱ्याच्या तोंडून, आणि तिच्यात चार गोष्टी: काय चुकले, त्यात आमचे काय चुकले, आज आम्ही काय करत आहोत, तुम्हाला काय मिळेल आणि कोणत्या तारखेपर्यंत. एप्रिल २०१७ मध्ये अमेरिकेच्या युनायटेड एअरलाइन्सच्या विमानातून एका प्रवाशाला ओढत नेले गेले. कंपनीच्या प्रमुखांच्या पहिल्या निवेदनात 'प्रवाशांची पुनर्व्यवस्था करावी लागली' याबद्दल खेद होता. व्हिडिओ जगभर पाहिला जात असताना हे वाचून लोक जास्त भडकले. सुधारित माफी आली, नियम बदलले, जागा सोडणाऱ्याला १०,००० डॉलरपर्यंत देण्याची तरतूदही झाली, पण पहिले निवेदन लोकांच्या लक्षात राहिले ते राहिलेच. उलट अमेरिकेच्याच जेटब्लू कंपनीचे प्रवासी १४ फेब्रुवारी २००७ च्या हिमवादळात तासन्‌तास विमानातच अडकले, तेव्हा सहाच दिवसांत तिने प्रवाशांच्या हक्कांची सनद काढली. किती तासांच्या उशिराला किती भरपाई, हे स्वतःवर बंधनकारक करून लिहिले. लेखी वचन मोडता येत नाही, म्हणून ते माफीपेक्षा जास्त वजनदार ठरते.

अपघात असेल तर वेगळे वागा

अपघातानंतर विक्रीचा विचार कित्येक आठवडे बाजूला ठेवायचा असतो. पहिल्या तासात सगळ्या जाहिराती, सवलतींचे ईमेल आणि आधीच वेळ लावून ठेवलेले समाजमाध्यमांवरचे संदेश थांबवा. अपघाताच्या बातमीखाली त्याच कंपनीची जाहिरात झळकणे ही क्रूर गोष्ट आहे आणि ती कोणी मुद्दाम न करताही घडते. प्रत्येक कुटुंबामागे एक प्रशिक्षित माणूस, तोच माणूस शेवटपर्यंत. तातडीच्या खर्चाची रक्कम कोणताही हक्कसोड कागद न लिहून घेता. कारणांबद्दल एक शब्दही अंदाजाने नाही. भारतात तपास विमान अपघात अन्वेषण ब्युरो करतो आणि आंतरराष्ट्रीय संकेतानुसार प्राथमिक अहवाल तीस दिवसांत अपेक्षित असतो, एवढेच सांगावे.

उरलेल्या प्रवाशांना तारीख बदलण्याची किंवा पूर्ण पैसे घेण्याची मोकळीक द्या, कारण न विचारता. घाबरलेल्या माणसाला त्याच्या तिकिटात अडकवून विमानात बसवले तर तो एकदाच बसतो.

१२ जून २०२५ च्या अहमदाबाद दुर्घटनेनंतर, ज्यात विमानातले २४१ जण गेले, एअर इंडियाने मोठ्या विमानांची उड्डाणे १५ टक्क्यांनी घटवली. त्यात मोपा ते लंडन गॅटविक ही सेवाही स्थगित झाली. इंग्लंडात स्थायिक झालेल्या असंख्य गोमंतकीयांसाठी ती सोयीची थेट सेवा होती. अशी कपात योग्यच, तपासणीला वेळ हवा असतो. पण मार्ग स्थगित करताना पुन्हा केव्हा सांगू याची तारीख दिली नाही तर लोक दोहा-दुबईमार्गे जायला शिकतात आणि ती सवय मोडत नाही.

मलेशिया एअरलाइन्सने २०१४ मध्ये मार्च आणि जुलैत दोन विमाने गमावली. सप्टेंबरमध्ये तिने 'मरण्यापूर्वी काय पाहायचे' अशा अर्थाची स्पर्धा काढली आणि मागे घ्यावी लागली. मजकूर लिहिणाऱ्यांमध्ये घटनेचे दुःख जवळून पाहिलेला एक जरी माणूस असता तर ती छापली गेली नसती. दुसरीकडे कोरियन एअर. १९९७ च्या ग्वाम अपघातानंतरही घटना घडत राहिल्या, १९९९ मध्ये अमेरिकेच्या डेल्टा एअरलाइन्सने तिच्याबरोबरची भागीदारी स्थगित केली. मग कंपनीने उड्डाण विभाग चालवायला बाहेरचा, डेल्टातलाच माणूस आणला आणि कॉकपिटमधली बोलण्याची पद्धत बदलली. काही वर्षांत ती सुरक्षित कंपन्यांत गणली जाऊ लागली. घाबरलेला प्रवासी कंपनीच्या शब्दावर विसंबत नाही, बाहेरच्या परीक्षकावर विसंबतो. म्हणून बाहेरचे परीक्षण करून घ्या आणि निष्कर्ष प्रसिद्ध करा.

कोण दुखावला ते नावानिशी शोधा

सर्वांना एकच ईमेल पाठवणे हे काम टाळण्यासारखे आहे. गोव्यातून उडणाऱ्यांत प्रत्येकाचे नुकसान वेगळे असते.

तारवटी, म्हणजे जहाजावर काम करणारा, मुंबईला जाऊन तिथून पुढे जहाजावर रुजू होतो. विमान चुकले तर कधी कधी पूर्ण करारच जातो. त्याला कूपन नको, त्याच्या भरती एजन्सीला त्याच दिवशी कंपनीच्या शिक्क्याचे पत्र हवे: उड्डाण आम्ही रद्द केले, याची चूक नाही. आखातात काम करणाऱ्याला हेच पत्र रजेसाठी आणि व्हिसाच्या मुदतीसाठी लागते. मुंबईच्या इस्पितळात तारीख मिळालेला रुग्ण असेल तर दुसऱ्या कंपनीचे तिकीट, कितीही महाग असो, तिथल्या तिथे काढून द्यावे. अशी माणसे मोजकीच असतात आणि त्यांच्याबरोबर अख्खे गाव तुम्हाला जोखते. लग्नाच्या गटात एकाच नियोजकाशी बोला, चाळीस जणांशी नाही, पण पैसे चाळीस जणांना स्वतंत्र द्या. पर्यटकाचे नुकसान हॉटेलच्या बुडालेल्या रात्रीचे असते. हॉटेलला पत्र पाठवून तारीख बदलून मागितली तर गोव्यातले बरेच मालक मानतात, मागणारा हवा.

यादी करताना नुकसानीनुसार तीन गट पुरेत: ज्यांचा कार्यक्रमच हुकला, जे एका रात्रीहून अधिक अडकले, ज्यांना फक्त उशीर झाला. पहिल्या गटाला फोन करा, माणसाने, त्यांच्या भाषेत. महिनाभराने पुन्हा एकदा. दुसऱ्याला पत्र आणि भरपाई. तिसऱ्याला छोटा, खरा संदेश पुरतो.

एक हंगाम वेळेवर

भारतात उड्डाण ठरल्या वेळेच्या पंधरा मिनिटांच्या आत सुटले तर ते वेळेवर धरतात. हा आकडा सुधारण्याचे उपाय कंटाळवाणे आहेत आणि तेच चालतात. दोन फेऱ्यांमधला विमानतळावरचा वेळ ३५ मिनिटांवरून ४५ वर न्या. दिवसाला एखादी फेरी कमी होईल, ती होऊ द्या. रात्री मुक्कामाला एक विमान गोव्यात ठेवा, म्हणजे सकाळची पहिली फेरी दुसऱ्या शहराच्या उशिराची बळी ठरत नाही. राखीव क्रू महानगरात असून उपयोग नाही, हंगामात एक संच गोव्यातच हवा. डिसेंबर-जानेवारीत उत्तरेतल्या धुक्याचा उशीर दिल्लीहून इथे पोहोचतो, तेव्हा दिल्लीहून आलेले विमान लगेच मुंबईला पाठवू नका, परत दिल्लीलाच पाठवा. बिघाड एकाच मार्गावर राहतो. पावसाळ्यात विमान दुसरीकडे वळवले तर इंधन, क्रूचे उरलेले तास आणि प्रवाशांचे जेवण यांचा निर्णय तिथे उतरायच्या आधी झालेला असावा.

नवे नियम केव्हा लागू होणार हे कंपनीला महिनोन्‌महिने आधी ठाऊक असते. वैमानिकांची साप्ताहिक विश्रांती ३६ वरून ४८ तासांवर गेली आणि वैमानिकाने रात्री विमान उतरवण्याची मर्यादा सहा वेळांवरून दोनवर आली, म्हणजे तेवढ्याच फेऱ्यांना जास्त वैमानिक लागणार. हा त्रैराशिकाचा हिशेब आहे. तो न करता हिवाळी वेळापत्रक वाढवले की संकट तिथेच ठरते. क्रूच्या विश्रांतीत सवलत मागून वेळ मारून नेऊ नका. थकलेला वैमानिक आणि विश्वास या दोन गोष्टी एकत्र नांदत नाहीत.

तीन महिने मार्गनिहाय आकडे दर सोमवारी प्रसिद्ध करा, वाईट आठवड्यातही. वाईट आकडा लपवला नाही हेच लोकांना पटते.

एजंट, मग भाडे

मडगाव, म्हापसा, पणजी, फोंडा इथल्या एजंटांशी कंपनीच्या माणसाने दुकानात जाऊन बोलावे. पंचतारांकित हॉटेलातली बैठक नको. त्यांच्या तीन मागण्या असतात: अडकलेल्या रकमेचा तिकीटवार तक्ता, रात्रीही उचलला जाणारा एक स्वतंत्र फोन आणि रद्द झाल्याची खबर गिऱ्हाइकाच्या आधी. आधी या तिन्ही द्या, वाढीव कमिशन नंतर. संकटानंतर मलेशिया एअरलाइन्सने ऑस्ट्रेलियात एजंटांचे कमिशन वाढवले होते. पैशाने एजंट तिकीट दाखवतो, पण मध्यरात्री फोन येणार अशी भीती असेल तर गिऱ्हाइकाला आग्रह करत नाही. आखात आणि इंग्लंडला जाणारी कुटुंबे अजूनही एजंटच्याच सल्ल्याने तिकीट काढतात.

सवलत सलग दोन महिने वेळापत्रक सांभाळल्यानंतरच द्यावी, आणि तीही सरसकट नाही. आधी दुखावलेल्यांना. कमी भाड्यापेक्षा सैल अटी जास्त ओढतात: आम्ही रद्द केले तर दोन तासांत पैसे निघतील, तारीख एकदा फुकट बदलता येईल.

प्रवासी खरेच परतले का

विमाने भरलेली आहेत, म्हणजे विश्वास परतला, असे समजू नका. ज्या मार्गावर दुसरा पर्यायच नाही तिथे माणूस दात-ओठ खात बसतो. नवी कंपनी किंवा सोयीची रेल्वे आली की त्याच दिवशी उठून जातो. मडगाव-मुंबई वंदे भारत जून २०२३ मध्ये सुरू झाली, तेव्हापासून मुंबईच्या प्रवाशाला आणखी एक पर्याय आहे.

पाहायचे ते हे: अडकलेल्यांपैकी किती जणांनी १८० दिवसांत पुन्हा तिकीट काढले, आणि ज्या मार्गांवर पर्याय आहे तिथे हे प्रमाण किती. लोक किती दिवस आधी तिकीट काढतात. हे अंतर वाढू लागले तर भीती कमी होत आहे. एकाच तक्रारीसाठी किती जणांना दुसऱ्यांदा फोन करावा लागला. डीजीसीए दर महिन्याला दहा हजार प्रवाशांमागे तक्रारी किती हे कंपनीनिहाय छापते, त्यात आपण कुठे आहोत. नाताळच्या आठवड्यातले आकडे यात धरू नका, तेव्हा सगळ्यांचीच विमाने भरतात. नोव्हेंबरचा पहिला पंधरवडा आणि जुलै हे खरे महिने.

पुढची कसोटी चवथीला असते, जेव्हा बाहेर नोकरी करणारा गोंयकार घरी येतो आणि त्याची तारीख हलत नाही. त्याच्या दोन आठवडे आधी दोन्ही विमानतळांवर सराव घ्या: चार उड्डाणे रद्द झाली असे समजा आणि एका तासात अडकलेल्यांची यादी, रिकाम्या जागा, बस, खोल्या, टॅक्सी आणि मराठी-कोंकणी संदेश तयार करून दाखवा. या तासात जी माहिती हाती आली नाही ती कोणाकडे असते, त्याचे नाव आणि फोन क्रमांक काउंटरच्या आतल्या बाजूला चिकटवा.